मागच्या डाव्या सीटचा पट्टा

ही गोष्ट खरी आहे. ज्याला हसायचंय त्याने आत्ताच हसून घ्यावं, मध्येच नको.

माझ्या मावशीच्या यजमानांच्या बाबतीत हे घडलं. आणि आधीच सांगतो, अमावास्या, मध्यरात्र असलं यात काही नाही. सगळं भर दुपारी झालं. पत्र्याच्या शेडमध्ये, बाहेर ऊन रखरखत असताना. रात्रीची भीती निदान सकाळी जाते हो... दुपारच्या भीतीचं काय करायचं?

काका गाड्यांच्या सीटा शिवतात. उभं आयुष्य त्यातच गेलं. कापड फाटताना नुसत्या आवाजावरून सांगतात, रेक्झिन आहे की कॅनव्हास. हे लक्षात ठेवा.

त्यांना एकच मुलगी. घरात आम्ही सगळे तिला 'बटण' म्हणतो. लहानपणी शिलाई मशीनखाली बसायची आणि हाती लागेल ते बटण तोंडात घालायची, म्हणून. मागच्या वर्षी या पोरीच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा रक्त शुद्ध करायला हॉस्पिटलला न्यावं लागायचं. एक फेरी चुकली की अंगावर सूज यायची, धाप लागायची. आणि हॉस्पिटल ओढ्याच्या पलीकडे. पूल वाहून गेलेला. लांबच्या रस्त्याने अर्धा दिवस मोडायचा, तेवढा वेळ ती बसू शकत नव्हती. साधी गाडी ओढ्यात घातली की मध्येच बंद पडायची.

म्हणून काकांनी एका दलालाकडून ओढा पार करणारी जुनी फोर-बाय-फोर घेतली. इंजिन ठणठणीत. आतून मात्र गाडीची पार रया गेलेली. फोम बसलेला, छताचं कापड लोंबतंय, दारांचे रबर कुजलेले, हँडल खिळखिळं.

"आतलं माझ्यावर सोड," काका म्हणाले. "माझी बटण राणीसारखी बसून जाईल."

शेजारच्या गॅरेजचा मिस्त्री त्यांचा जुना दोस्त. तो म्हणाला, "आधी स्वतःच्या मशीनपुढच्या स्टुलाची गादी शिव. तिच्यातून काथ्या बाहेर आलाय."

हसत हसत काम सुरू झालं.

काकांनी आधी खालचं कार्पेट उचललं. आणि त्यांचं हसू गेलं.

कार्पेटखाली... गाळ होता. वाळलेला, मऊ, नदीचा गाळ. कोपऱ्या-कोपऱ्यात बसलेला.

गाडी कधीतरी पाण्यात बुडाली होती.

मग मागची डावी सीट काढली. तिचा पट्टा अर्धवट कापलेला होता. ब्लेडने नाही. ब्लेडचा काप काका झोपेतही ओळखतील. हा काप... घासून घासून झालेला. बोथट वस्तूने. आणि आतल्या बाजूने, जी बाजू बसणाऱ्याच्या अंगाला लागते त्या बाजूने.

अर्ध्यावर थांबलेला.

सीटच्या फटीत एक किल्ली सापडली. घरच्या कुलपाची, साधी. तिचे दात झिजून सपाट झाले होते.

काकांना सगळं कळलं. न कळायला ते काय दूधखुळे होते? त्यांनी दलालाला फोन लावला. तो शपथा घ्यायला लागला, गाडीला साधा ओरखडासुद्धा नाही म्हणून. पुढच्या वेळी फोन लागलाच नाही.

तुम्ही म्हणाल, गाडी परत का नाही केली? अहो, परवा फेरी होती. पोर पलंगावर बसून श्वास मोजत होती. काकांनी गाळ झाडून काढला आणि मावशीला अवाक्षर बोलले नाहीत.

आणि इथेच एक चूक झाली. त्यांच्या धंद्यात एक रीत आहे. सीट उघडल्यावर आत काही सापडलं, नाणं, कानातलं, पेन, तर ते मालकाला द्यायचं. मालक ठाऊक नसेल तर ठेवून घ्यायचं नाही, फेकायचंही नाही. नव्या फोमखाली छोटा खिसा शिवायचा आणि परत आत ठेवायचं. काकांचे वडील तसंच करायचे. काकांच्या हाताला तीच सवय.

त्यांनी ती किल्ली नव्या सीटमध्ये शिवून टाकली.

नवा फोम, नवं कव्हर, नवा पट्टा, नवी मॅट, दारांना नवे रबर. गाडी आतून नवरीसारखी दिसायला लागली. बटण मागे डावीकडेच बसायची, कारण सुईचा हात उजवा, तो दाराला लागला की कळवळायची.

पहिल्या फेरीहून परत येताना ती म्हणाली, "बाबा, ही सीट गरम असते. आधीच कोणीतरी बसून उठल्यासारखी."

"उन्हाने तापते गं," काका म्हणाले.

गाडी दिवसभर सावलीत उभी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका शेडमध्ये एकटेच कव्हर शिवत होते. मशीन थांबवलं. दोरा ओवायला घेतला. आणि...

कर्र... कर्र... कर्र...

जाड विणीवर काहीतरी बोथट घासत होतं. पट्ट्याची वीण. दुसरं कुठलंच कापड तसं वाजत नाही.

आवाज गाडीतून येत होता.

काकांनी दार उघडलं. आवाज बंद. आत कोणी नाही. पण नव्या फोमला... खळगा पडलेला. पायाखालची नवी मॅट चिंब ओली. आणि पट्टा आतल्या बाजूने कातरलेला. त्याच जागी.

"उंदीर," मिस्त्री म्हणाला. "आज पट्टा खातोय, उद्या स्टेअरिंग मागेल." पिंजरा लावला. पिंजऱ्यातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला. पट्टा मात्र पुन्हा कातरला गेला.

काकांनी पट्टा बदलला. परत तेच. पुन्हा बदलला. सीट उसवून किल्ली काढायला गेले, तर खिसा शिवलेला जसाच्या तसा... आणि आत किल्ली नाही. बाकीच्या सीटासुद्धा उसवून पाहिल्या, कुठेच नाही.

मावशीला शेवटी सगळं सांगावं लागलं. ती रडायलाच लागली. "अहो, विका ती गाडी. माझ्या लेकराला त्यात नका बसवू."

"आणि नेऊ कशातून? पाठीवर घेऊन ओढा पोहू?"

ती एवढंच म्हणाली, "मग निदान तुमची ती कापड कापायची पाती गाडीत ठेवू नका. एकही नको. माझी शपथ आहे."

तिला वाटलं, काकांचीच पाती कोणाच्यातरी हाती लागतायत. काका शर्टाच्या खिशात वाकडं पातं ठेवल्याशिवाय घराबाहेर पडत नसत. पण त्या दिवसापासून गाडीत बसताना ते काढून ठेवायला लागले. बायकोची शपथ होती ना.

आता त्या दुपारचं ऐका.

मावशी तापाने फणफणली होती, म्हणून काका आणि बटण दोघेच निघाले. मागची फेरी चुकलेली. पोरीचे ओठ निळसर झाले होते. मान टाकत होती, म्हणून काकांनी पट्टा घट्ट आवळला. ओढ्याला पाणी रोजच्यापेक्षा जरा जास्त होतं. दुसरा कोणी असता तर थांबला असता. काकांना थांबणं परवडणारं नव्हतं.

मध्यावर डावं चाक दगडावरून घसरलं. गाडी कलली... आणि डाव्या अंगावर खड्ड्यात बसली.

पाणी डावीकडून आत आलं. दाराच्या प्रत्येक फटीतून एकदम, नवे रबर असून. काका पुढच्या सीटांच्या मधून मागे घुसले. "बटण! घाबरू नको, मी आहे!" पट्ट्याचा खटका दाबला. सुटेना. दोन्ही अंगठ्यांनी दाबला. नख उलटलं. पट्टा ढिला करायला ओढला, तर गाडी कलल्यामुळे तो जागीच अडकलेला. कालच बदललेला कोरा पट्टा. काकांनी स्वतः निवडलेला, सगळ्यात मजबूत.

हात आपोआप खिशाकडे गेला.

खिसा रिकामा.

आयुष्यभर ज्या माणसाच्या खिशात पातं होतं, त्याच्याकडे त्या एका वेळेला काही नव्हतं. ते पट्ट्याला दातांनी भिडले. दात हलले, हिरड्यांतून रक्त आलं. वीण तुटेना. पाणी पोरीच्या छातीवर. मग गळ्यावर. तिला ओरडायचीही ताकद नव्हती. ती नुसती बघत होती त्यांच्याकडे.

"बाबा, आईला सांगा..." एवढंच म्हणाली. आणि पाणी तोंडावर आलं.

काका सांगतात, तेव्हा ते देवाला नाही ओरडले. त्या सीटला ओरडले. "जो कोणी असशील, माझं घे! माझं काय हवं ते घे, पण हिला सोड!"

आणि पाण्याखालून...

कर्र... कर्र... कर्र...

भराभर. जीव खाऊन.

काकांचे दोन्ही हात तेव्हा पोरीच्या हनुवटीखाली होते. तिचं तोंड वर धरायची धडपड चाललेली. पट्ट्याला त्यांचा हातच नव्हता.

पट्टा तुटला.

उजव्या खिडकीतून त्यांनी तिला बाहेर ओढलं. पलीकडचे लोक दोर घेऊन धावत आले. हॉस्पिटल जवळच होतं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं.

पोर वाचली. काका कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले.

नर्सने येऊन विचारलं, "हिची मूठ उघडत नाहीये. काय आहे हातात?"

सगळ्यांनी मिळून बोटं सोडवली.

आत... किल्ली होती. दात झिजलेली.

ती शुद्धीवर आल्यावर काकांनी हळूच विचारलं, "बाळा, ही कोणी दिली तुला?"

"तुम्हीच तर दिलीत बाबा. पाण्याखाली." मग जरा थांबून म्हणाली, "तुमचा हात किती गार होता."

मावशीने ती किल्ली ओढ्यात खोल फेकली. गाडी दुरुस्त झाली. काकांनी पुन्हा नवा पट्टा लावला. तो आजपर्यंत कोरा आहे. फोमला खळगा नाही. मॅट कोरडी. शेडमध्ये कसलाही आवाज नाही. सीट गार असते.

इथे गोष्ट संपली असती तर मी लिहीत बसलो नसतो.

मागच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. जेवणं झाली. बटण पलंगावर झोपली. मी पेपर वाचत होतो. काका मला खुणेने म्हणाले, बघ.

तिचे डोळे मिटलेले. श्वास शांत. पण तिचा उजवा हात... कमरेच्या डाव्या बाजूला. मूठ वळलेली. पुढे-मागे, पुढे-मागे. हातात काही नाही. कमरेला काही नाही.

आणि तरी तो कर्र-कर्र आवाज येत होता. मी स्वतःच्या कानांनी ऐकला.

काकांनी तिचा हात धरला. "रोज दुपारी असंच," ते कुजबुजले. "डॉक्टर खूश आहेत. म्हणतात, पोरीच्या हातात ताकद यायला लागलीय."

"चांगलंच आहे ना मग?" मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

काकांनी माझा हात घेऊन तिच्या मनगटावर ठेवला.

आमच्या बटणला पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरावा लागतो. पण झोपेतला तो हात आम्हा दोघांना ओढत होता. बर्फासारखा गार होता. आणि काही केल्या थांबत नव्हता.

"कोणाला तरी दाखवू या काका," मी म्हणालो. "काहीतरी करायला हवं."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं.

"काय हवं ते घे, असं मीच म्हणालो होतो रे," ते म्हणाले. "आता कोणत्या तोंडाने जा म्हणू? आणि हा गेला... आणि ती पण गेली तर?"

मी घरी आलो. पण दुपारी डोळा लागला की मी दचकून उठतो आणि आधी स्वतःच्या उजव्या हाताकडे बघतो. मनगट धरलं होतं ना मी तिचं.