भोकं नसलेली इस्त्री

"ही आपली नव्हे," आजोबांनी इस्त्री बाजूला सारली. "हिला भोकं आहेत."

काकाने कपाळाला हात लावला. "अण्णा, इस्त्रीला भोकं असतातच. हवा लागली नाही तर आतला कोळसा फुलणार कसा?"

आजोबांनी पाठ फिरवली. गेल्या महिन्यात आजी गेली, तेव्हापासून ते फार लवकर वाद सोडून देत. आवराआवरीच्या झपाट्यात काकाने त्यांच्या शिवणकामाच्या खोलीतली इस्त्री जुन्या वस्तूंच्या दुकानात देऊन टाकली होती. आजोबांनी जेवण सोडलं, तेव्हा धावतपळत परत आणली, आणि आता हे!

"आईच्या जाण्याने डोक्यावर परिणाम झालाय," बाहेर येऊन तो काकूला म्हणाला. "रविवारी त्यांना आपल्याकडे नेऊ. इथलं शिवणकाम बंद."

सुट्टीला आलेली तीन नातवंडं दाराआडून ऐकत होती. थोरली ताई, दिवसभर डबे हुंगतो म्हणून सगळे ज्याला बोका म्हणत तो मधला आणि सतत त्यांच्यामागे असणारं धाकटं शेपूट.

"आजोबा वेडे झाले का गं?" शेपटाने रडवेल्या आवाजात विचारलं.

"काकाचंही खोटं नाही," बोका म्हणाला. "भोकांशिवाय कोळसा विझतो."

"मग आजोबांच्या इस्त्रीत कोळसा घालतच नसतील," ताई म्हणाली. "पण मग ती तापायची कशाने?"

तिघांनी शिवणकामाची खोली पालथी घातली. शेगडीमागे बोक्याला जोरात ठेच लागली.

"मेलो! हा धोंडा इथे कुणी ठेवला?"

धोंडा कसला, लोखंडाचा जाड ठोकळा होता तो. पुढे निमुळता, मागे एक भोक. भिंतीवर टांगलेली लोखंडी आकडी त्या भोकात नीट अडकली.

"आकार बघा, थेट इस्त्रीचा," ताई म्हणाली. काकाने आणलेल्या इस्त्रीत मात्र तो मावेना. तिचं झाकणही लागेना.

ठोकळा पिशवीत घालून तिघं दुकानात पोचली. फळीवर इस्त्र्यांची रांग होती. काही भरीव होत्या. "या थेट विस्तवावर ठेवायच्या," दुकानदार म्हणाला. बाकीच्या कोळशाच्या, कडेने भोकं असलेल्या. टोकाला एक बिनभोकांची होती, मागे सरकती झडप असलेली.

"ती शोभेची पेटी आहे, बाळांनो. इस्त्रीच्या आकाराची."

ताईने झडप उचलून आत बोट फिरवलं. कोळशाने खाल्लेल्या लोखंडाचा खरखरीतपणा नाही की राखेचा कण नाही. बोक्याने ठोकळा आत लोटला. तो अगदी तळापर्यंत गेला आणि झडप खाली बसली.

दुकानदाराने चष्मा काढून पुसला. "तुमचे काका घाईत होते. कोळशाची म्हणाले, मी कोळशाची काढून दिली. न्या ही, तुमचीच आहे."

आजोबांनी इस्त्री मांडीवर घेतली, तिच्या मुठीवरून हात फिरवला आणि सगळ्यांदेखत रडले. "हीच," ते म्हणाले. "ठोकळा विस्तवात लाल करायचा, आकडीने आत सरकवायचा. निखारा कपड्याजवळ येतच नाही, पांढऱ्या शर्टालाही डाग पडत नाही."

काका मान खाली घालून उभा होता. "चुकलं माझं, अण्णा. तुमचं ऐकून न घेताच तुम्हाला वेडं ठरवलं. या पोरांनी मात्र डोकं चालवलं, शाबास रे! आता कुठेही नेत नाही तुम्हाला."

शेपूट आजोबांना बिलगलं. आजीने बटणं लावून ठेवलेला एक शर्ट इस्त्रीवाचून पडून होता. आजोबांनी तो टेबलावर पसरला. काकाने स्वतः शेगडी पेटवली, ठोकळा निखाऱ्यांत ठेवला आणि आकडी हातात घेऊन बसला.

"किती वेळ तापवू, अण्णा?"

आजोबांनी शर्टाचं एक बटण चाचपलं.

"मला कुठे माहीत," ते म्हणाले. "ते तीच बघायची."