सफेद्याखालचा डाग

दिगंबर धुरींच्या नाकाशेजारी, डाव्या गालावर, तांदळाच्या दाण्याएवढा एक तपकिरी डाग होता. तो साधा आहे की धोक्याचा, हे कातडी न कापता कळेल का, हे कोडं त्यांच्या अकरा वर्षांच्या नातीला, साजिरीला, आठ दिवस सतावत होतं.

आजोबा दशावतारी नाटकात चाळीस वर्षं राण्या आणि देवी उभ्या करत आलेले. दशावतारात नट आपला चेहरा आपणच रंगवतो. त्यामुळे सहा महिने त्यांनी डागावर सफेद्याचं, म्हणजे तोंडाला लावायच्या पांढऱ्या रंगाचं, एक बोट जास्त फिरवलं आणि कुणाला काही दिसलं नाही. दिसलं ते साजिरीला, एका सकाळी, ते रंग उतरवून चहा पीत असताना. डागाची कड वेडीवाकडी झाली होती. तिने घरात सांगितलं आणि आजोबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

साल २०४१, महिना डिसेंबर, जत्रांचा ऐन हंगाम. तुकडा कापून तपासायचा म्हणजे टाके पडणार, तीन आठवडे रंग बंद, आणि राणीच्या गालावर कायमचा वण. तालुक्याच्या आरोग्य केंद्रात साजिरीबरोबर पाऊल टाकताच आजोबांनी डॉक्टर लोर्ना फर्नांडिस यांना बजावलं, "माझ्या तोंडार सुरी लावूक देवचंय नाय."

"सुरी शेवटी," डॉक्टर म्हणाल्या. "आधी पारखी बघेल."

पारखी म्हणजे भिंतीला जोडलेला एक बोलणारा यांत्रिक हात. त्याच्या टोकाला वाटीएवढं भिंग होतं. ते संनाभी सूक्ष्मदर्शकाचं (एका वेळी एकाच खोलीवरचं स्पष्ट चित्र देणाऱ्या यंत्राचं) तोंड होतं. पारखीने आजोबांच्या गालावर थंडगार जेल लावलं आणि भिंग टेकवलं. आजोबांनी डोळे घट्ट मिटून घेतले. काही टोचलं नाही.

कापल्याशिवाय आतलं दिसतं कसं, असं साजिरीने विचारलं. पारखीने तिला विहीर आठवायला सांगितली. विजेरीचा झोत पाण्यात सोडला, तर वर तरंगणारं पान, मधला मासा आणि तळाचा दगड, तिघांकडूनही उजेड परत येतो आणि सगळी सरमिसळ होते. पारखी सौम्य लेझर प्रकाश कातडीत सोडतो. परत येणारा उजेड तो सुईच्या टोकाहून बारीक छिद्रातून घेतो. ज्या खोलीवर भिंगाची नजर आहे, तिथलाच उजेड त्या छिद्रातून नेमका पार होतो. बाकीचा कडेला अडतो. मग नजर केसभर खाली न्यायची आणि पुढचा थर टिपायचा.

"म्हणजे कांद्याचे पापुद्रे न सोलता मोजायचे," साजिरी म्हणाली.

"दोन कागदांच्या जाडीइतक्या खोलीपर्यंतच," पारखीने दुरुस्ती केली. "त्याखाली मला नीट दिसत नाही."

पडद्यावर करड्या रंगाचं चित्र उमटलं. मधमाशांच्या पोळ्यासारखी घरं दिसत होती. त्या कातडीच्या पेशी (शरीराच्या सगळ्यांत लहान विटा). पण त्यांच्यामध्ये पांढरे ठिपके लखलखत होते. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. रंगद्रव्य (कातडीला वर्ण देणारा पदार्थ) उजेड जोरात परतवतं, म्हणून चित्रात ते चमकतं, असं त्यांनी सांगितलं. ते खालच्या थरात असायला हवं. रंगद्रव्याच्या पेशी इतक्या वर पसरलेल्या असतील, तर तो कर्करोग असू शकतो.

"संशयास्पद. तुकडा काढून तपासावा," पारखी म्हणाला.

आजोबांनी हात पुढे केला आणि साजिरीने तो धरला. पण तिची नजर पडद्यावरून हलली नव्हती. चित्राच्या पार कोपऱ्यात, डाग संपला होता तिथेही, तसेच ठिपके होते.

"डॉक्टर, चांगल्या गालाचं चित्र काढता येईल?"

पारखीने भिंग उजव्या गालावर टेकवलं. तिथे डाग नव्हता. ठिपके मात्र होते, तेवढेच लखलखीत, आणि बहुतेक केसांच्या मुळांशी साचलेले.

"आजोबा, आज तोंड कशाने धुतलंत?"

साबणाने, एवढंच. पहाटे नाटक संपलं आणि ते तडक इकडे आले होते. खोबरेल लावून रंग उतरवायला सवड मिळाली नव्हती. साजिरीने डॉक्टरांना सांगितलं की सफेदा साबणाला दाद देत नाही. तो खलून द्यायचं काम तिचंच होतं, तिची बोटं दोन दोन दिवस पांढरी राहत. सफेद्याचे कणसुद्धा उजेड जोरात परतवत असणार.

"मी चेहऱ्यांची सव्वा लाख चित्रं पाहून शिकलो आहे," पारखी म्हणाला. "त्यांत रोज रंग लावणारा एकही चेहरा नव्हता."

"मगे शिक आता," आजोबा म्हणाले.

तीन दिवस रंग बंद आणि रोज खोबरेल, असं ठरलं. त्या तीन दिवसांत आजोबांची राणी दुसऱ्याच नटाने केली आणि घरात कुणी त्यांच्या वाटेला गेलं नाही. चौथ्या दिवशी पारखीने आधी चांगला गाल पाहिला, मग डाग. ठिपके गेले होते. पोळ्याची घरं थरामागून थर नीट ओळीत होती. रंगद्रव्य आपल्या जागी, खाली होतं. उन्हाने आणि वयाने आलेला हा निरुपद्रवी डाग आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण एक गोष्ट त्यांनी स्पष्ट केली. चित्र जपून ठेवलं जाईल आणि तीन महिन्यांनी नव्याशी ताडून पाहिलं जाईल. तेव्हा शंका उरली, तर तुकडा काढावाच लागेल.

आजोबांनी मान डोलावली. "तेव्हा मी नाय म्हणूचंय नाय."

महिन्याभरात त्यांच्या मंडळीतले आणखी सहा नट, खोबरेल लावून, धुतल्या तोंडाने पारखीसमोर बसून आले. नाटकाचं सामान नेणाऱ्या पेटाऱ्यात मावेल एवढा पारखी कधी तरी नक्की येईल, असं डॉक्टर म्हणतात. साजिरीने त्याची जागाही हेरून ठेवली आहे, मुकुटाच्या बाजूला.

तोवर आजोबांनी एक नवा रिवाज पाडला आहे. जत्रेच्या दिवशी संध्याकाळी ते आरशासमोर बसतात, सफेदा खलून तयार असतो, पण त्यात बोट बुडवत नाहीत. डावा गाल साजिरीकडे वळवतात.

"आदी तू बघ," ते म्हणतात. "मगे मी रंग लावतंय."