पाचवीचं भात

उदयनने होडी वळवली, तर समोर खाजणात एक बाई मांडीपर्यंत रुतून उभी. दहा-बारा मुलं तिचे हात धरून ओढत होती. प्रत्येक ओढीला ती थोडी अजून खाली जात होती, आणि मुलांना हसू आवरत नव्हतं.

"मुतलाळी, आमच्या टीचरना काढा ना!" निवेद्या ओरडली. वर्गात सगळ्यात मोठा आवाज तिचाच.

उदयनने वल्हं पुढे केलं. "धरा."

"नको. निघेन माझी मी."

"कधी? ओहोटी लागल्यावर?"

तिने त्याच्याकडे रागाने पाहिलं. गालावर चिखल, कपाळावर चिखल, त्यात दोन डोळे तेवढे स्वच्छ. मग तिने वल्हं धरलं. निघाली ती थेट होडीत येऊन आदळली, आणि होडी उलटता उलटता राहिली.

"माझे वडील असंच खाजणातलं भात लावायचे," ती धापा टाकत म्हणाली. "बऱ्याच वर्षांत चिखलात उतरले नव्हते, एवढंच."

"मी कुठे काय म्हटलं?"

"हसलात."

ही प्रसीता टीचर. पलीकडच्या बेटावरची, जूनमध्ये इथल्या शाळेत आली. पहिल्याच दिवशी तिने पाचवीला विचारलं, तांदूळ कुठून येतो? एकाने सांगितलं, रेशनच्या दुकानातून. दुसरा म्हणाला, आंध्रातून, लॉरीने. वर्गाच्या खिडकीतून खाजण दिसत होतं... अर्धं गाव ज्या भातावर वाढलं ते खाजण. पण हल्ली तिथे भात कुणी लावत नव्हतं. सगळे वृश्चिक महिन्याची, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्याची, वाट पाहायचे. वृश्चिकाच्या पहिल्या दिवशी खाडीकडच्या बांधातल्या उघाडीच्या फळ्या वर घ्यायच्या, भरतीचं खारं पाणी आत घ्यायचं, त्याबरोबर कोलंबीची पिल्लं येतात. त्या दिवसापासून पाणी कोलंबीवाल्याचं. कोलंबीवाला म्हणजे उदयन.

प्रसीताने शाळेसाठी खाजणातला एक कोपरा मागून घेतला. मुलांकडून मातीचे उंचवटे करवले, त्यांवर बी पेरलं. एका मोठ्या सरीने अर्धे उंचवटे वाहून गेले, तर पुन्हा पेरलं. आता रोपं वाढली होती, उंचवटे फोडून ती मातीसकट चहूकडे पसरायची होती.

उदयनचं जाणं-येणं त्याच वाटेने होतं. आधी आठवड्यातून एकदा. मग रोज.

"मुतलाळी, आज इकडे काय काम?" ती विचारायची. गावात सगळेच त्याला मुतलाळी म्हणत, शेठ म्हणावं तसं. तिच्या तोंडी मात्र तो शब्द टोचायचा.

"उघाडी बघायला आलोय."

"काल बघितली होती ना?"

"लाकडाचं काय सांगता येतं... रात्रीत कुजतं."

मुलं एकमेकांना कोपरं मारायची.

एकदा छत्रीला न जुमानणारा पाऊस आला म्हणून ती उघाडीवरच्या झावळ्यांच्या आडोशाला आली. तिच्या केसांतून पाणी त्याच्या हातावर ठिबकत होतं, आणि त्याने हात काही काढला नाही.

"तुम्ही भात का सोडलंत?" तिने विचारलं.

"लतिका गेली. माझी बायको." तो पावसाकडे बघत म्हणाला. "कापणीला तीच पुढे असायची. 'उदयेट्टा, चला' म्हणून भल्या पहाटे हाक. आता तसं म्हणून कुणी उठवत नाही. कोलंबीला काय, पाणी सोडलं की झालं."

जाताना प्रसीताने आपली छत्री त्याच्याजवळ ठेवली आणि स्वतः भिजत गेली.

वृश्चिक तोंडावर आला, आणि पाचवीचं भात अजून चिकात होतं. दाणा दाबला की दूध निघायचं. दुसऱ्यांदा पेरलेलं, उशीर होणारच. खारं पाणी आलं असतं तर सगळा दाणा पोचट झाला असता.

"पोतंभर तांदूळ देतो शाळेला," उदयन म्हणाला. "वर कोलंबीही देतो. मुलं पोटभर जेवतील."

"कुठून आणाल तांदूळ?"

"दुकानातून."

"बघा! जूनमध्ये हेच उत्तर आलं होतं." ती हसली नाही. "मुलांनी पेरलंय. मुलंच कापतील, मुलंच खातील. पाणी तुमचं आहे, खुशाल सोडा. मी बांध घालते."

आणि तिने घातला. शाळा सुटली की मुलं, मुलांच्या आया आणि ती, सगळे चिखलाचे गोळे रचत. भरतीला फळ्यांतून पाणी झिरपायचं, बांध एका बाजूने बसायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळे. तिचे हात सोलवटले. उदयन उघाडीवरून बघत होता. लतिका असती तर म्हणाली असती, काय बघताय नुसतं?

वृश्चिकाच्या पहिल्या दिवशी भरती संध्याकाळची होती. अमावास्येची, मोठी. वर्षातली पहिली पिल्लं हिच्याबरोबर यायची; ही हुकली की हंगाम बुडालाच. उदयनने फळीला हात घातला. समोर बांधाला भेग पडली होती, नुसत्या झिरपणाऱ्या पाण्याने. प्रसीता त्या भेगेला पाठ लावून बसली होती, आणि मुलं तिच्याभोवती चिखल थापत होती.

"सोडा, मुतलाळी!" ती तिथून ओरडली. "आम्ही तयार आहोत!"

तयार कसले! पहिल्याच लोंढ्यात बांध गेला असता, बहुधा तीही.

उदयनने फळीवरचा हात काढला. खाजणात उतरला. तिच्या शेजारी येऊन त्याने भेगेला पाठ लावली.

"फळ्या?" तिने विचारलं.

"बंद आहेत. दाणा भरेपर्यंत बंदच."

"मला उपकार नकोत."

"उपकार कुठले? माझ्या घरचा तांदूळ संपलाय."

या वेळी ती हसली. अंधार पडेपर्यंत दोघं तशीच बसून होती, पाठीमागे चिखल आणि मध्ये वीतभर जागा... तीही थोड्या वेळाने उरली नाही.

कापणीला पाणी गुडघाभर होतं. मुलांनी नुसत्या लोंब्या कापल्या आणि होडीत टाकल्या. उंच धाटं पाण्यातच राहिली.

"ही कुजतील. मग कुजलेल्यावर कोण जगेल?" प्रसीताने विचारलं.

"कोलंबी!" वर्ग ओरडला.

"म्हणजे मुतलाळींच्या कोलंबीला जेवायला कोण घालतं?"

"आम्ही!"

"ऐकलंत?" ती त्याला म्हणाली.

शाळेच्या अंगणात पेज शिजली. लालसर, दाट. निवेद्याने पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "थोडा चिखल लागतोय. पण आपलाच आहे."

पाच वाजले. मुलं वाडगे विसळून घरी गेली. उदयन रिकाम्या होडीपाशी उगाच घुटमळत होता.

"पुढच्या वर्षी सगळ्या खाजणात भात लावीन म्हणतो," तो म्हणाला. "एकट्याला नाही जमणार पण."

"मुलं आहेत की."

"मुलं पाचला घरी जातात, टीचर."

प्रसीताने पदर खोचला, त्याने परत आणून काठावर ठेवलेली आपली छत्री उचलली आणि होडीत पाय ठेवला. होडी डुगडुगली. त्याने हात पुढे केला. या वेळी ती नको म्हणाली नाही.

"पाचनंतर मी असेन," ती म्हणाली. "चला, उदयेट्टा."