तिवरांतला मचवा

ओहोटी लागण्याआधी मचवा सोडवायचाच! वादळात दावं तुटून महादेवचा मचवा, म्हणजे मालवाहू गलबत, पनवेलच्या खाडीत वाहून गेला होता आणि दूर खारफुटीच्या तिवरांच्या दाटीत अडकला होता. मिठागराचं मीठ वाहणारा तो मचवा म्हणजे घराची भाकरी. म्हणून पहाटेच महादेव, त्याची बायको वेणू आणि लढाईत लष्करी इस्पितळात शुश्रूषेचं काम करून परतलेला मित्र नियाज होडी घेऊन निघाले.

वारा समोरून झोंबत होता. तिवरांची मुळं होडीला ओरबाडत होती. महादेव लघवीलाही थांबेना. "पानी उतरंल! मंग बघू!"

मचवा दिसला. वेणूने दोर बांधला. खेचा! मचवा हलला, आणि लाटेसरशी त्याचं जड टोक उसळून थेट महादेवच्या ओटीपोटावर आदळलं!

"काय नाय झाला! खेच!" तो ओरडला. जखम नव्हती, ओरखडाही नव्हता. पण तो कमरेत वाकला होता. थोड्या वेळाने लघवीची घाई झाली म्हणून होडीच्या काठाशी बसला, कुंथला. आलं ते थेंबभर रक्त.

नियाजने त्याच्या कमरेची हाडं हलकेच दाबली. "इथं दुखतं?"

"नाय. पोटान आग पेटलीय."

"वहिनी, कमरेचं हाड मोडलं की त्याचं टोक मूत्राशयात घुसतं. तसं इथं नाय. लघवीनं भरलेली पिशवीच दणक्यानं फुटलीय. लघवी पोटात सांडतेय. खुदा कसम, थांबलो तर जान जाईल!"

"आन मचवा?" महादेव कण्हला.

वेणूने कोयता उचलला. दोर तुटला!

ओहोटी लागली होती. मचवा समुद्राकडे निघाला, होडी उलटी पनवेलकडे. महादेव पाणी मागत होता. "घोटभरही नाय, ऑपरेशन लागेल," नियाज म्हणाला. होडी गाळात रुतली. वेणू मांडीभर चिखलात उतरली, ढकलू लागली. महादेवचं पोट फुगून फळीसारखं कडक झालं होतं!

पनवेलच्या डॉक्टरांनी लघवीच्या वाटेने नळी घातली. रक्तच आलं. नियाजचा अंदाज खरा होता. लॉरीतून ठाण्याला नेलं, तिथे पोट उघडून मूत्राशय शिवलं.

काही दिवसांनी महादेवने विचारलं, "मचवा?"

"गेला," वेणू म्हणाली.

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. वेणूने खाटेखालची, नळीला जोडलेली लघवीची बाटली उजेडात धरली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली.

"नियाजभाई, बघा! पिवला धमक! रगत नाय!"