दोन चित्रं उशिरा

जिन्याच्या वळणावर धडक झाली आणि तिच्या हातातला बगळा, चांगला शंभर कागदांवर चित्राचित्राने काढलेला, पायऱ्यांवरून खाली घरंगळत गेला.

"कागदांवर आकडे घातलेत?" त्याने विचारलं.

"नाही अजून…" तिला रडूच येणार होतं.

तो खाली बसला. ओठांतल्या ओठांत बगळ्याच्या नाचाची गत गुणगुणत कागद उचलत गेला. "इथे मान वळते… इथे पाय उचलतो—" बघता बघता बगळा पुन्हा ओळीने लागला.

स्टुडिओत त्याला सगळे 'मात्रा' म्हणत. बिनशब्दांच्या कार्टूनपटाचं शास्त्रीय संगीत आधी मुद्रित व्हायचं. ते ऐकून कोणत्या मात्रेला कितवं चित्र, याचा तक्ता तो लिहायचा. त्या तक्त्याबरहुकूम ती बगळा नाचवायची.

मग तक्त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं येऊ लागली. 'आज बगळा लाजतोय, की काढणारी?'

'कामाकडे लक्ष द्या,' ती खाली लिहायची, आणि गालातल्या गालात हसायची.

स्टुडिओत चित्रपट पहिल्यांदा पडद्यावर लागला. हळुवार व्हायोलिन सुरू झालं, आणि बगळ्याचं पाऊल उशिरा पडलं. दोन चित्रं उशिरा. दर वेळी.

"हात जड झालाय बाई तुमचा," दिग्दर्शक सगळ्यांदेखत म्हणाले. "उद्यापासून नुसते रंग भरा."

तक्ता तिच्याच हातात होता. चित्रं त्याबरहुकूमच होती, तरी तिने तो घडी करून लपवला.

"चूक त्यांची नाही," मागून तो म्हणाला. "हळू सूर मला ऐकूच येत नाहीत. चार महिने अंदाजाने लिहितोय."

"मग इथे काय काम तुमचं?" दिग्दर्शक कडाडले.

तो बाहेर पडला. ती फाटकापर्यंत धावली.

"मला का नाही सांगितलंत?"

"नोकरी जाईल म्हणून. आणि…" तो अडखळला. "तुम्हाला मागणी घालणार होतो. पण डॉक्टर म्हणाले, वर्षअखेर सगळंच जाईल."

"आणि माझी चित्रं चुकत राहिली, ती?"

"चिडा. पुढच्या वर्षी चिडलात तर ऐकूही यायचं नाही."

"दिसेल!" तिचे डोळे वाहत होते, तिने पुसलेही नाहीत. "आयुष्यभर बिनशब्दांचंच काम केलंय मी. चला."

"कुठे?"

"आईकडे. आजच. देवाने कान ठेवलेत तोवर तिचा होकार ऐकून घ्या."

"आणि नाही म्हणाल्या तर?"

तिने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"तर… तेवढं ऐकू आलं नाही म्हणायचं."