माझेच आभार का नाही?

शुक्रवार पेठेत, ईश्वरप्पाच्या पिठाच्या गिरणीत, आपला नंबर दुसऱ्याला देणारा माणूस आजवर कुणी पाहिला नव्हता. तिथं जाऊ जावेला नंबर देत नाही, परक्याची काय कथा! आणि त्या दिवशी विजयमाला ज्वारीचा डबा कमरेवर घेऊन रांगेत उभी, तर पुढचा उंच, सावळा तरुण चक्क बाजूला सरकला.

"आधी तुम्ही," तो म्हणाला.

विजयमालानं मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं.

"मी...?"

"तुम्हीच. डबा जड दिसतोय."

"तुमचाही काही कापसाचा नाही दिसत!"

तो हसला. गिरणीत उडणारं पीठ त्याच्या भुवयांवर बसलं होतं, त्यामुळं हसताना तो एकदम म्हातारा दिसला, आणि विजयमालालाही हसू आवरेना. तिचं दळण झालं, मग त्याचं. पैसे देऊन, डबा उचलून तो ईश्वरप्पाला म्हणाला, "आभारी आहे."

ईश्वरप्पा गोंधळला. "काय झालं हो? पैसे तर तुमीच दिलं की!"

घरी येऊन तिनं ही गंमत सांगितली, तर रंभाआत्या पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"अगं, तो बजाबाईचा जोती! समोरच्याच घरातला. तू माळशिरसहून हितं कॉलेजला आलीस ना, तवा तो जर्मनीत होता. परवाच आलाय."

जोतीराम कापड रंगवण्याचं शिक्षण घेत होता. शेवटचं वर्ष. तिकडची रंगकामाची पद्धत बघून यायला कॉलेजनं त्याला तीन महिने पाठवलं होतं. पोरगा गेला तसाच परत आला, सूट नाही, गॉगल नाही. आणली ती एकच सवय, ऊठसूट आभार मानायची! कंडक्टरनं तिकीट दिलं, आभार. भाजीवाल्या गुरम्मानं चार मिरच्या वर टाकल्या, आभार. पेठेतल्या टवाळ पोरांनी त्याचं नावच 'आभारप्रदर्शन' ठेवलं होतं.

"आणि घरी काय केलं म्हाईत हाय?" आत्या डोळे पुसत म्हणाली. "पहिल्याच दिवशी बजाबाईनं ताटात गरम भाकरी टाकली, तर हा म्हणतो, आभारी आहे, आई! बजाबाईनं तवा खाली ठेवला आणि रडाय लागली की! म्हणाली, मी काय खानावळ चालवते व्हय रे? तीन महिन्यांत आईला परकी केलंस? तवापासनं कान पकडलाय त्यानं. आईचे सोडून साऱ्या गावाचे आभार मानतो."

विजयमाला पोट धरून हसली. हे हसणं पुढं आपल्यालाच महागात पडणार आहे, हे तिला कुठलं ठाऊक असायला!

समोरासमोरचं घर. ओट्यावर गाठ पडायला निमित्त थोडंच लागतं? आणि लागलंच तर आत्याची शेंगाचटणी होतीच.

"तिकडं काय खायचात हो?" एकदा तिनं वाटी पुढं करत विचारलं.

"पहिले तीन दिवस उपाशी होतो."

"अगंबाई! का?"

"घरमालकीण म्हातारी वाढायला यायची. मी आपला रीतीनं म्हणायचो, नको. वाटायचं, आग्रह करतील. ती बाई भांडं उचलून आत घेऊन जायची..."

"मग?"

"मग काय! चौथ्या दिवशी लाज सोडली. तोवर ती माझ्यावर रागावलेलीच होती. मी कशाचेच आभार मानत नाही म्हणून. तिला वाटलं, पोरगा मग्रूर आहे. मी म्हटलं, बाई, जन्मात आईला कधी धन्यवाद म्हटलेलं नाही मी. तर तिला माझ्या आईची इतकी दया आली..." तो चटणी चाखत थांबला. "आभारी आहे."

"आमच्या चटणीचे किती वेळा आभार मानणार?"

"तुम्ही जितक्या वेळा आणून द्याल तितक्या वेळा."

विजयमालाचे कान गरम झाले. खरं सांगायचं तर तिला त्या दोन शब्दांचा नादच लागला. माळशिरसला तिनं घरभर माणसांच्या भाकऱ्या थापल्या होत्या, उसाच्या फडावर डोक्यावरून जेवणं पोचवली होती. कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नव्हतं. आणि हा माणूस वाटीभर चटणीसाठी डोळ्यांत बघून, अगदी मनापासून म्हणतो, आभारी आहे... कधी ती त्याची उडालेली टोपी उचलून देई, कधी पेपर. शब्द ऐकला की दिवस बरा जाई.

आणि एक दिवस ते शब्द बंद झाले.

दिवाळी तोंडावर आली होती. जोतीरामनं परीक्षेसाठी रंगवलेल्या सुताच्या लडी अंगणात दोरीवर वाळत टाकल्या होत्या, निळ्या, लाल, हळदी. बजाबाई बाजारात, तो कॉलेजात. दुपारी आभाळ भरून आलं आणि कुणाला काही कळायच्या आत टपोरे थेंब पडायला लागले. विजयमाला अनवाणीच धावली. लडी छातीशी गोळा केल्या आणि ओट्यावर आली तेव्हा तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत निळे, नव्या पातळाची पांढरी किनार लाल-हळदी.

तेवढ्यात तो आला. सायकल तशीच पावसात टाकून, निथळत, धापा टाकत. त्यानं दोरी पाहिली. लडी पाहिल्या. मग तिचे निळे हात... त्यांच्याकडेच बघत राहिला. ओठ हलले—

ती वाट बघत होती.

तो काहीच बोलला नाही. लडी घेतल्या आणि घरात गेला.

बाई गं! एवढं सगळं करून साधा एक शब्द नाही? रंग बिघडला म्हणून रागावला असेल का? की आपण न विचारता दुसऱ्याच्या अंगणात शिरलो, ते आवडलं नाही? पण दुसऱ्या दिवशी तोच माणूस लांबून हसला. ओट्यावर येऊन बसला, लडी वाचल्या, मास्तर खूश झाले, असंही सांगितलं. तिनं मुद्दाम चटणी दिली. त्यानं बोटं चाटून वाटी साफ केली, उठला, गेला. मुद्दाम धपाटे दिले. खाल्ले, गेला! आणि लगेच तिच्या देखत कोथिंबिरीच्या काडीसाठी गुरम्माला म्हणाला, "आभारी आहे हं, मावशी!"

विजयमालाच्या डोक्याचा पार भुगा झाला. रागावलाय म्हणावं तर हसतो. आवडते म्हणावं तर कोथिंबिरीएवढी तरी किंमत ठेवायची होती!

त्यातच रात्री जेवताना आत्यानं बॉम्ब टाकला.

"विजू, येत्या रविवारी पाहुणे बघायला येणार हायत. उसाचे बागायतदार, लई चांगली माणसं. माझ्या दादानं, तुझ्या बानं, विचारलंय, तुझ्या मनात काय असंल तर आत्ताच सांग. एकदा पाहुणे पोहे खाऊन गेले की दादाला माघार घेता येणार न्हाई."

"माझ्या मनात...?" विजयमालाचा घास हातातच राहिला. "उद्या सांगते आत्या."

रात्रभर ती कूस बदलत होती. मनात काय आहे ते तिला चांगलं ठाऊक होतं हो! पण त्याच्या मनात काय आहे? आपणच एकटीनं काहीतरी धरून बसलो असलो, तर बागायतदारांना 'नाही' म्हणायचं ते कुणाच्या भरवशावर?

सकाळी ती डबा घेऊन गिरणीत गेली. तो होताच. तिला पाहून बाजूला सरकला.

"आधी—"

"नको मला तुमचा नंबर!" तिचा आवाज गिरणीच्या घरघरीवर चढला. "ईश्वरप्पांचे आभार मानता, गुरम्माचे मानता, कंडक्टरचे मानता! माझे हात चार दिवस निळे होते, माझेच आभार का नाही? काय केलं मी?"

ईश्वरप्पानं ज्वारीत हात घालून मान खाली घातली. जोतीराम पांढराफटक पडला, पीठ होतंच.

"तुम्हाला... कळलं नाही?"

"काय कळायचं?"

"त्या दिवशी म्हणणारच होतो," तो हळू बोलला. "ओठावर आलं होतं. पण तुमचे हात बघितले आणि... म्हणवेना. आईचं रडणं आठवलं." त्यानं एकदाच वर पाहिलं. "या पेठेत मी फक्त दोन माणसांचे आभार मानत नाही. एक आई—"

गिरणी बंद झालेलीही विजयमालाला कळली नाही.

"रविवारी मला बघायला पाहुणे येणार आहेत," ती कशीबशी म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. ईश्वरप्पानं गिरणी पुन्हा चालू करून तिचं दळण काढून दिलं. मग त्यानं तिचा दळणाचा डबा उचलून सायकलवर ठेवला.

"दारापर्यंत आणून देतो," तो म्हणाला. "तिथं आभार मानलेत तर मी समजेन काय समजायचं ते. परत विचारणार नाही."

गल्लीभर तो सायकल ढकलत चालला, ती शेजारून. दारात आत्या ज्वारी निवडत बसली होती. जोतीरामनं डबा उतरवून विजयमालाच्या हातात दिला. पीठ अजून गरम होतं. तो तिथंच उभा राहिला, सायकलची मूठ घट्ट धरून.

विजयमालानं डबा छातीशी धरला.

"अगं विजू!" आत्या पायरीवरून ओरडली. "पोरानं एवढा जड डबा आणून दिला. आता साऱ्या पेठेला सवय लागलीय, तूच तेवढी मुकी! आभार मान की!"

विजयमालानं त्याच्याकडे पाहिलं.

"नाही मानायचे मला ह्यांचे आभार!" ती म्हणाली, आणि पायरी चढून आत पळाली.

सायकल धाडकन खाली पडली. जोतीराम मोठ्यानं हसत होता, रस्त्यात, एकटाच.

आत्यानं पडलेल्या सायकलीकडे पाहिलं, हसणाऱ्या पोराकडे पाहिलं, मग दारात सांडलेल्या पिठाकडे. सूप बाजूला ठेवून ती सावकाश उठली.

"बजाबाई," तिनं समोरच्या घराला हाक मारली, "जरा हिकडं या. माळशिरसला निरोप धाडायचाय... पाहुण्यांस्नी येऊ नका म्हणून."