पुलापलीकडं थांबलेली गाडी

हे घडलेलं आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी आमच्या ह्यांना विचारावं. ते काही माझ्यासारखे पोथी-उपासाचे नाहीत. आरतीला उभे राहतात तेसुद्धा मोबाइल बघत. पण त्या संध्याकाळचा विषय निघाला की ते उठून बाहेर जातात.

गेल्या मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार. छत्रपती संभाजीनगर, बीड बायपास. वेळ संध्याकाळी साडेसहा... फार तर पावणेसात.

मध्यरात्र नव्हती. अमावस्या नव्हती. चारी बाजूंनी माणसंच माणसं होती.

मी चिकलठाणा एमआयडीसीत मसाल्याच्या पॅकिंगला जाते. हे तिथंच जवळ दुसऱ्या कंपनीत. जाणं-येणं एकाच मोटारसायकलवर. घर देवळाईच्या पुढं. अंतर म्हणाल तर बारा-तेरा किलोमीटर. वेळ देवाच्या हातात.

बायपासवरून आमच्या वसाहतीकडं पुलाखालून जावं लागतं. तो रस्ता कुणी आखला, त्यालाच ठाऊक. चार बाजूंची वाहनं एकाच तोंडात घुसतात. पाण्याचे टँकर, शाळेच्या व्हॅन, रिक्षा, हंगामात उसाचे ट्रॅक्टर. आणि पूल संपला की ड्रेनेजसाठी खोदून ठेवलेला दोनशे पावलांचा पट्टा. दगड, माती, मध्येच उघडं चेंबर. डबलसीट गेलं की दोघंही आडवे.

म्हणून तिथं एक रीत पडली होती. मागं बसलेल्या बाईनं अलीकडंच उतरायचं. पुरुषानं एकट्यानं गाडी काढायची आणि पलीकडं जाऊन थांबायचं. आम्ही बाया पदर खोचून, डबे सांभाळत कडेनं चालायचो. पलीकडं दहा-पंधरा गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या. आपली गाडी बघायची, बसायचं, निघायचं.

माझं एक व्रत होतं. लेक श्रेया डेंग्यूनं दवाखान्यात होती, तेव्हा देवीला बोलले होते. दिवेलागण झाली की घरी देवापुढं दिवा लावेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. आठ महिने झाले होते, एकदाही मोडलं नव्हतं. ह्यांनाही सवय झाली होती. मी मागं बसून खांद्यावर दोनदा थाप मारली की गाडी निघायची.

आमच्या वसाहतीतली अमृता रोज त्या पट्ट्यावर भेटायची. ती म्हणायची, "ताई, तुमचे मालक लई नशीबवान. आमचे हे म्हणतात, तूपण धर की असलं एखादं व्रत."

त्या गुरुवारी पुलाखाली उसाचा ट्रॅक्टर अडकला. अर्धा तास कुणी जागचं हललं नाही. धूर, हॉर्न, कुणीतरी कुणाला हिंदीत शिव्या घालतंय. माझा दिवसभराचा उपास. घरी घट मांडलेला. हळदीकुंकवाला बाया यायच्या होत्या. ह्यांनी मान वळवून म्हटलं, "लक्ष्मीला कळव, ट्रॅक्टर पंक्चर आहे म्हणून."

शेवटी वाट मोकळी झाली. मी उतरले. हे पुढं गेले.

समोरच्या गाड्यांचे दिवे डोळ्यांत. धूळ इतकी की पुढचं नीट दिसेना. मी नारळाची पिशवी छातीशी धरून चालत होते.

आणि मला वाटलं, माझ्या मागं कुणीतरी आहे...

अगदी जवळ. घाईत असल्यासारखं.

पुढं जाऊ द्यावं म्हणून मी कडेला सरकले. थांबले.

कुणीच पुढं आलं नाही.

मागं पाहिलं. अमृता खूप लांब होती, फोनवर बोलत. मधे नुसती धूळ.

मी मनात देवीचं नाव घेत पाय उचलले. पलीकडं पोचले. काळं जाकीट, हेल्मेट, डावा पाय जमिनीवर टेकलेला. बसले. खांद्यावर दोनदा थाप मारली.

गाडी निघाली नाही.

ते नुसते बसून राहिले... खांदे थरथरत होते. मला वाटलं इंजिननं असेल.

मग गाडी निघाली. हळू. इतकी हळू की मलाच नवल वाटलं. आमचे हे एकही खड्डा सोडत नाहीत. ही गाडी मात्र प्रत्येक खड्ड्यापाशी थांबून, वळून, जपून जात होती. अंड्यांची टोपली न्यावी तशी.

थोडं पुढं गेल्यावर आवाज आला.

"आज वजन लागलं."

आवाज ह्यांचा नव्हता...

"रोज नुसतं वाटतं, बसलीस म्हणून. आज खरंच वजन लागलं गाडीला."

मी चुकीच्या गाडीवर बसले होते. थांबवायला म्हणून मी त्याच्या खांद्यावर जोरात हात मारला.

"व्हय, व्हय. सावकाशच घेतो," तो म्हणाला. "त्या दिवशी घाई केली म्या. आता नाय करत."

मला काही कळेना. उतरायचं तर बोलायला हवं. बोलायचं तर व्रत मोडायचं. आणि खरं सांगते, अडवणारी गोष्ट नुसती व्रताची नव्हती. तो माणूस आनंदात होता. पाठमोऱ्या माणसाचा आनंदसुद्धा कळतो.

"रोज वळणावर सोडून जातीस," तो म्हणाला. "आज घरापस्तोर चल. आई वाट बघती."

मग मला राहवलं नाही.

"भाऊ," मी म्हणाले, "चुकले मी. मी तुमच्या घरची नाही."

ब्रेक लागला. मागचे दोघं-तिघं शिव्या देत बाजूनं गेले.

त्यानं मान वळवली नाही. आरशात नुसतं हेल्मेट दिसत होतं.

मग अगदी हळू आवाजात विचारलं,

"मग ती कुठंय?"

मी उतरले आणि चालत सुटले. मागं पाहिलं नाही.

घरी आले तर हे फाटकात उभे. गाडी स्टँडवर, हेल्मेट डोक्यात तसंच.

"फुलं आणायला एवढा उशीर?"

"कसली फुलं? अहो, मी चुकून दुसऱ्याच्याच गाडीवर बसले. तुम्ही थांबायचं तरी."

ह्यांनी आता हेल्मेट काढलं.

"अगं, तू माझ्या मागं बसलीस," ते म्हणाले. "दोनदा थाप मारलीस. सगळ्या रस्त्यानं खांद्यावर हात होता. पिवळ्या टाकीच्या गल्लीपाशी परत थाप मारलीस, म्हणून थांबलो. तू उतरलीस. मागं वळलो तर दिसली नाहीस. वाटलं, गल्लीत फुलं घ्यायला गेलीस."

मी विचारलं, "हात कसा होता?"

"गार." थोडं थांबून म्हणाले, "थंडी आहे ना."

त्या संध्याकाळी बाया आल्या, हळदीकुंकू झालं, कहाणी वाचली. कहाणी वाचताना मी दोनदा ओळ चुकले. मोडलेलं व्रत मी परत धरलं नाही.

रविवारी सकाळी तो माणूस आमच्या दारात आला. अमृताकडून पत्ता काढला होता. तिशीतला असेल. नाव अजिनाथ, पाचोडकडचा. शेंद्र्याला कामाला. पिवळ्या टाकीच्या गल्लीत राहतो.

मी आतूनच माफी मागायला लागले तर तो म्हणाला, "नाय ताई, तुमची काय चूक. समद्याच गाड्या सारख्या दिसत्यात तिथं."

मग खाली बघत सांगितलं. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको सुकेशनी अशीच उतरून चालत येत होती. चपलेचा पट्टा तुटला म्हणून वाकली. हा पलीकडून ओरडला, लवकर चल, लोक हॉर्न मारायलेत. म्हणून ती कडेला न बसता तिथंच, वाटेतच पट्टा ओढत राहिली. मागून टँकर रिव्हर्स आला.

"दहावं-तेरावं झालं अन् कामाला निघालो," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी येताना तिथं थांबलो. का थांबलो म्हणाल तर सवयीनं. अन् मागं कुणीतरी बसलं, ताई. तवापासून रोज. वळणापस्तोर असायची. मग जायची. घरापस्तोर कधी आली नाय."

आमचे हे दाराशी येऊन ऐकत होते.

"त्या गुरुवारी मात्र आली," अजिनाथ म्हणाला.

मी त्याच्याकडं बघितलं.

"आई ओट्यावर तांदूळ निवडीत बसली व्हती. तिला आता मागचं ध्यानात ऱ्हात नाय. सून गेली, हेबी नाय. म्हणली, सुकेशनी आलती. दारात उभी ऱ्हायली. विचारलं, हे आले का? आई म्हणली, नाय अजून. तर म्हणली, मग बघून येते."

तो थांबला.

"अन् गेली."

ती दारात आली तेव्हा तो का पोचला नव्हता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. तो मला घेऊन येत होता.

"तवापासून मागं कुणी बसत नाय," तो म्हणाला.

मी चहा पुढं केला. त्यानं कप हातात घेऊन ह्यांना विचारलं, "भाऊ, कशी बसली व्हती? धरलं व्हतं का नीट?"

"धरलं होतं," हे म्हणाले.

"हात गरम व्हता?"

ह्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं.

"होता."

त्यानं मान हलवली. चहा घेतला. गेला.

चैत्रात तो पट्टा सिमेंटचा झाला. चेंबर बुजलं. आता तिथं कुणीच उतरत नाही. दहा मिनिटं आधी घरी पोचतो, सगळे खुश आहेत. अजिनाथ मात्र अजून तिथं थांबतो. डावा पाय टेकवून. मागचे हॉर्न मारतात, "ए भाई, चल ना," म्हणतात. तो ऐकतो आणि थांबतो.

मागच्या आठवड्यात गर्दीत आमची गाडी बरोबर त्याच्या मागं आली. त्यानं आरशात मला ओळखलं. हेल्मेटची काच वर केली, मान वळवली.

"ताई... बसली का ती? मला आता कळत नाय."

मी त्याच्या मागच्या सीटकडं पाहिलं. रेग्झिनवर धूळ होती. दुसरं काही नव्हतं. मागचे हॉर्न थांबेनात. त्याच्या डोळ्यांकडं मला बघवेना.

"बसली, भाऊ," मी म्हणाले. "निघा."

तो निघाला. तसाच हळू, प्रत्येक गाडीला वाट देत.

आम्हीही निघणार, तेवढ्यात माझ्या पाठीमागून, अगदी कानाशी, एका बाईचा आवाज आला. धाप लागल्यासारखा...

"अहो... थांबा की."

मी वळून पाहिलं. रिक्षा, टँकर, दिवे. बाई कुणीच नव्हती.

पुढं पाहिलं तर अजिनाथची गाडी वळणाआड गेली होती.

ही गोष्ट त्याला मी अजून सांगितलेली नाही. ह्यांनाही विचारलेलं नाही, तुम्ही ऐकलं का म्हणून.